पॅराग्वेचं बंदर

शाळेकडून चिठ्ठी आली, तीही पाकिटात घालून. म्हणजे प्रकरण गंभीर असणार, असं समजून शिंपीणबाईंनी मशीनवरचा पाय थांबवला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि वाचायला घेतलं. भूगोलाच्या शिक्षिका वर्षभराच्या रजेवर गेल्या आहेत, त्यांच्या जागी कुणी मिळत नाही, तरी भूगोल हा विषय यंदा पालकांनी घरीच करून घ्यावा. खाली मुख्याध्यापिकाबाईंची सही आणि शिक्का. शिक्का मात्र काय सुरेख उठला होता!

"वा वा," शिंपीणबाई म्हणाल्या, "पुढच्या चिठ्ठीत लिहितील, गणितही घरीच करा. मग आम्ही लिहू, आता तुम्हीही घरीच बसा."

"आई, तसं लिहिता येणार नाही. नियमात बसत नाही," थोरली म्हणाली. थोरली बारा वर्षांची. गल्लीत तिला सगळे वकील म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत असं तिला वाटे. धाकटी आठ वर्षांची, तिला नियमांशी काही देणंघेणं नव्हतं. ती पाकिटावरचा शिक्का नखानं खरवडून बघत होती.

बाकीच्या पालकांनी ही चिठ्ठी कशी पाळली ते सांगायलाच नको. कुणी प्लास्टिकचा पृथ्वीगोल आणून कपाटावर ठेवला आणि कर्तव्यातून मोकळं झालं. कुणी मुलांना टीव्हीवर वाघांचे कार्यक्रम लावून दिले, कारण वाघ कुठल्या ना कुठल्या देशात राहतोच. एका गृहस्थांनी शाळेत जाऊन विचारलं की भूगोल परीक्षेला असणार आहे का, आणि नसेल तर तो असावाच कशाला. शिंपीणबाईंची गोष्ट वेगळी. शाळेत असताना भूगोलात वर्गात सगळ्यात जास्त मार्क त्यांचे, आणि हे कुणाला तरी ऐकवायची संधी गेली वीस वर्षं मिळालेली नव्हती. पँट आखूड करायला येणारी माणसं असल्या विषयावर बोलत नाहीत. आता शाळेनंच आपण होऊन, शिक्क्यानिशी संधी दिली म्हटल्यावर बाई कंबर कसून कामाला लागल्या.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, दोरीवर लोकांच्या पँटी आणि शाळेचे गणवेश, आणि कोपऱ्यात कापडाचं कपाट. कपाटाच्या दारावर जगाचा मोठा नकाशा चिकटवला गेला. बिजागरी ढिली, त्यामुळे दार जोरात उघडलं की ऑस्ट्रेलिया भिंतीवर आपटायचा. संध्याकाळी सहाला मशीन झाकलं जाई आणि दोघी टेबलावर मांडी घालून बसत.

शिकवायची पद्धत अर्थातच शिंप्याची. अक्षांश म्हणजे आडवी शिवण, रेखांश म्हणजे उभी शिवण. विषुववृत्त म्हणजे कंबरपट्टी, आणि कंबर कुठं आहे ते कळल्याशिवाय पुढचं माप घ्यायचं नाही. अंतर मोजायचं गळ्यातल्या टेपनं, आणि टेप ताणायची नाही. पण सगळ्यात कमाल केली ती चेंडूनं. उरल्यासुरल्या कापडाच्या चोवीस कळ्या कापून बाईंनी एक चेंडू शिवला आणि आत कापूस ठासला. एक कळी म्हणजे एक तास. चेंडू दिव्यासमोर धरून फिरवला की कुठल्या देशात सकाळ आणि कुठल्या देशात संध्याकाळ हे धाकटीसुद्धा डोळे मिटून सांगायला लागली. डोळे मिटून कशाला सांगायचं, हा प्रश्न वेगळा.

या भूगोलाला एक नायकही होता. तो म्हणजे शिंपीणबाईंचा नवरा, गल्लीच्या भाषेत बोटवाला. पंधरा वर्षं तो मालवाहू जहाजांवर आचारी होता. नऊ महिने पाण्यावर, दोन महिने घरी. घरी आला की पहिला आठवडा जमीन हलतेय म्हणायचा, मग बायकोच्या स्वयंपाकातलं मीठ सुधारायचा, आणि मुलींना त्याची सवय होते न होते तोच ट्रंक भरायला घ्यायचा. पृथ्वीभोवती त्याच्या किती फेऱ्या झाल्या त्याचा हिशेब नव्हता. त्यात पाहिलं काय म्हणाल, तर कांदे. जहाजाचं स्वयंपाकघर जहाजाच्या पोटात, पंचवीस माणसांचं चार वेळचं खाणं त्याच्या गळ्यात. बंदर आलं म्हणजे कोठीतली पोती बदलली, एवढंच त्याला कळे. अमक्या देशातले कांदे लाल, तमक्या देशातले पांढरे. हा एवढाच भूगोल त्यानं कमावला होता.

पण बायकोनं विषय हातात घेतला आणि या माणसाचं नशीब फळफळलं. चिठ्ठी आल्यानंतर पंधरा दिवसांनी तो ट्रंक घेऊन निघाला, तेव्हाच बाईंनी त्याला बजावलं, "दर रविवारी फोन करायचा आणि बंदराचं नाव सांगायचं. मुली तुमच्यावरून शिकणार आहेत." माझ्यावरून कुणी काही शिकेल, असं त्या बिचाऱ्याला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. तो नुसता मान हलवत राहिला.

तर रविवारी संध्याकाळी सातला फोन यायचा, बोटवाला बंदराचं नाव सांगायचा, धाकटी तिथं टाचणी टोचायची आणि मागच्या टाचणीपासून या टाचणीपर्यंत थोरली लाल दोरा ओढायची. मग आठवडाभर त्या देशाची धुलाई. तिथं काय पिकतं, पाऊस कधी, नद्या कुठं वाहतात. आणि रोज संध्याकाळी आतल्या खोलीतून सासूबाई न चुकता विचारायच्या, "आज कुठं आहे गं माझा लेक?" मुली ओरडून समुद्राचं नाव सांगायच्या. सासूबाई म्हणायच्या, "बाई बाई, किती लांब!" आणि पुन्हा शेंगा सोलायला लागायच्या.

थोरलीला मात्र त्या दोऱ्यानं जे दिलं ते भूगोलापेक्षा मोठं होतं. शाळेच्या कुठल्याही कार्यक्रमाला जिचा बाप कधी आला नाही, अशी ती वर्गातली एकटी मुलगी. "तुझे बाबा का गं येत नाहीत?" असं कुणी विचारलं की ही वकील, जी दुकानदारापासून बसवाल्यापर्यंत कुणालाही सोडत नसे, खाली बघायची. आता तिच्याकडे उत्तर होतं आणि ते हजारो किलोमीटर लांब होतं. बाकीच्यांचे बाप कचेरीत खुर्चीवर बसतात, माझे बाबा आत्ता हिंदी महासागरात आहेत. कोण तोंड उघडणार यापुढे!

सात महिने असे छान गेले. मग मुख्याध्यापिकाबाईंची दुसरी चिठ्ठी आली. ज्या शाळेनं यंदा भूगोल शिकवलाच नव्हता तिनं आता भूगोलाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. शुक्रवारी सकाळी दहाला, मोठ्या सभागृहात. प्रत्येक मुलानं घरी काय शिकलं ते पाच मिनिटं बोलायचं, पालकांनी अगत्यानं यायचं. थोरलीनं विषय घेतला, 'माझ्या बाबांचा प्रवास'. सगळा नकाशा दोऱ्यासकट उचलून न्यायचा आणि शेवटची टाचणी सगळ्यांसमोर टोचायची, असं ठरलं. म्हणजे प्रदर्शनाआधीच्या रविवारच्या फोनला भलतंच महत्त्व आलं.

त्या रविवारी थोरली वही-पेन घेऊनच बसली. फोन आला. तो टेबलावर ठेवून मोठा आवाज लावला.

"बाबा, आता कुठल्या बंदरात आहात?"

पलीकडे पोतं ओढल्याचा आवाज आला. "बंदर ना? पॅराग्वे."

"पॅराग्वे देश आहे, बाबा. बंदराचं नाव सांगा."

"तेच की. पॅराग्वेचंच बंदर. मोठं आहे. इथं सोयाबीन भरतात."

धाकटी टाचणी घेऊन नकाशापाशी पोचली होती. तिचं बोट दक्षिण अमेरिकेत गरगर फिरलं आणि थांबलं. "आई, पॅराग्वेला समुद्रच नाहीये."

शिंपीणबाई चष्मा लावून नकाशाला नाक टेकवून उभ्या राहिल्या. खरंच की. चारी बाजूंनी जमीन. शेजारी तीन देश दाटीवाटीनं बसलेले, निळा रंग कुठं औषधाला नाही.

"बाबा," थोरली म्हणाली, "पॅराग्वेच्या चारी बाजूंना जमीन आहे."

"असं?" बोटवाला म्हणाला. "मग आम्ही जरा बाजूला असू."

"तिकडे किती वाजलेत?"

"सात. संध्याकाळचे. तुमच्यासारखेच की गं."

धाकटीनं चेंडू दिव्यासमोर धरून फिरवला. "नाही बाबा, तिकडे आत्ता सकाळ आहे."

"हो का? मी आत असतो ना बाळा, मला बाहेरचं काही कळत नाही. बरं, रेंज जातेय, ठेवतो हं." आणि फोन बंद.

थोरलीनं आईकडे पाहिलं. आता शिक्षिकेनं काहीतरी बोलायला हवं होतं. शिंपीणबाईंनी नकाशावर घाईघाईनं बोट फिरवलं आणि त्यांना एक बारीक निळी रेघ सापडली. "ही बघ नदी! नदीतून जात असतील. सगळं काय समुद्रातूनच जातं?"

थोरलीनं आईच्या गळ्यातली टेप काढली, नदीच्या वळणावळणानं लावली, आकडेमोड केली. "समुद्रापासून इथवर दीड हजार किलोमीटरच्या वर होतं. बाबांचं जहाज दोन मैदानांएवढं आहे, असं तूच शिकवलंस. ते नदीत शिरेल?"

"हळूहळू शिरत असेल."

"आणि सकाळ?"

"स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं असेल! तू काय उलटतपासणी घेतेस माझी?"

थोरलीनं वही मिटली. "मी फक्त विचारतेय. शुक्रवारी सगळ्यांसमोर टाचणी कुठं टोचू?"

मुलीला शिंपीणबाईंनी स्वतःच इतकं पक्कं शिकवून ठेवलं होतं की आता तिला फसवायची सोय उरली नव्हती. पॅराग्वेत जहाज नाही, हे तिला कळलं होतं. मग माणूस कुठं आहे, हे शुक्रवारच्या आत शोधायला हवं होतं, नाहीतर पोरगी भर सभागृहात तोंडावर पडणार. आणि कुठल्याही बायकोच्या मनात पहिल्यांदा जे येतं ते त्यांच्याही मनात आलं. कोण असेल ती? सोयाबीनवाली?

सोमवारी दुपारी मुली शाळेत होत्या. सासूबाई आत शेंगा सोलत होत्या. शिंपीणबाईंनी दुकानाचं दार लोटलं आणि फोन लावला.

"अहो, कुठं आहात?"

"मी? ते आपलं, पॅराग्वे…"

"मरो ते पॅराग्वे. तुम्ही कुठं आहात?"

बोटवाला काही म्हणणार तेवढ्यात पलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "अहो, दोन नंबरच्या वॉर्डचा बिनमिठाचा भात झाला का?"

"जहाजावर वॉर्ड कधीपासून व्हायला लागले?" शिंपीणबाईंनी विचारलं.

बोटवाल्यानं एक मोठा सुस्कारा सोडला. आणि मग भडाभडा सगळं सांगितलं, सात महिने कुणी विचारायची वाट बघत असल्यासारखं. जहाजावर चढायच्या आधी दर वेळी होते तशी तपासणी झाली आणि डॉक्टरनं सांगितलं, रक्तदाब फार आहे, जहाजावर जाता येणार नाही. या वेळी नाही आणि पुढंही नाही. ट्रंक घेऊन तो स्टेशनवर बसून राहिला. शेवटी सांगून टाकू म्हणून घरी फोन लावला, तर उचलला धाकटीनं. ती म्हणाली, बाबा, तुमची पहिली टाचणी टोचली!

"आता मी तिला काय म्हणू?" बोटवाला म्हणाला. "काढ म्हणू?"

मग ओळखीच्या कुणीतरी इथं लावून दिलं. मोठ्या इस्पितळाचं स्वयंपाकघर, तीनशे रुग्णांचं जेवण. घरापासून बसनं दोन तास.

"दोन तास," शिंपीणबाई म्हणाल्या.

"आधी जुनी बंदरं सांगितली. आठवत होती तेवढी. ती संपली. मग कोठीतल्या पोत्यांवरची नावं वाचायला लागलो. सोयाबीनच्या पोत्यावर पॅराग्वे लिहिलं होतं. आता देश काय समुद्राशिवाय असतो, हे मला कुठं माहीत?"

जगप्रवासी म्हणायचा आणि हा! शिंपीणबाईंना हसू आलं आणि त्याच हसण्याचा त्यांना भयंकर राग आला. म्हणजे त्या दोऱ्यातली एकही टाचणी खरी नव्हती. हिंदी महासागर खोटा. फोनवर रंगवून सांगितलेली वादळं खोटी. सात महिने शिंपीणबाई पोरींना रोज सहा ते सात इस्पितळाच्या कोठीचा भूगोल शिकवत होत्या.

"पोरींचं सोडा. मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला कसं सांगू? शिकवत तूच होतीस. रोज. माझं नाव घेऊन." आणि मग हळूच म्हणाला, "तू माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी बोलली नव्हतीस गं."

हे शिंपीणबाईंना सरळ आत जाऊन लागलं, कारण ते खरं होतं. नवरा घरी असताना त्याच्या वाट्याला यायचे ते टोमणे, आणि कौतुक व्हायचं ते नकाशावर.

"आणखी कुणाला ठाऊक आहे?" त्यांनी आवाज सावरून विचारलं.

"आईला," बोटवाला पुटपुटला.

शिंपीणबाईंनी मान वळवली. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात शेंगांची ताटली.

"सासूबाई, आज कुठं आहे हो तुमचा लेक?"

"त्यानं शपथ घातली होती गं मला."

"आणि मग रोज संध्याकाळी विचारायचात ते? बाई बाई, किती लांब?"

"विचारलं नसतं तर तुला संशय आला असता," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. या घरात खोटं बोलायची खरी तयारी कुणाची असेल तर ती यांची, हे शिंपीणबाईंना मान्य करावं लागलं.

त्या पुन्हा फोनकडे वळल्या. "ऐका. शुक्रवारी दहा वाजता शाळेत या. टाचणी कुठं टोचायची ते तुमच्या मुलीला तुम्हीच सांगा."

"अगं, तोंड कसं दाखवू तिला?"

"आहे तसं. दुसरं कुठून आणणार आहात?"

संध्याकाळी सहाला दोघी नेहमीसारख्या टेबलावर चढून बसल्या. शिंपीणबाईंच्या मनात एकदा आलं की ठोकून द्यावं, जहाज दुरुस्तीला परत आलंय, बाबा येताहेत, झालं. त्यांनी तोंडही उघडलं. पण समोर थोरली वही उघडून बसली होती आणि आता त्या वहीत आणखी काही खोटं जाऊ द्यावंसं त्यांना वाटेना. म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. तपासणी, ट्रंक, इस्पितळ, सोयाबीनचं पोतं. दोन तास.

धाकटीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बाबा आता बुडणार नाहीत?"

"नाही गं."

"कधीच नाही?"

"इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कोण बुडतं?"

"मग बरं झालं," असं म्हणून धाकटी चेंडू घेऊन आजीकडे पळाली. ही पोर इतके दिवस कसली धास्ती घेऊन टाचण्या टोचत होती, हे आईला आत्ता कळलं आणि तिच्या जिवाला चटका बसला.

थोरली मात्र उठली नाही. तिनं टेप घेतली, नकाशावर आपलं गाव आणि ते शहर यांच्यावर लावून बघितली. टेपवर काहीच आलं नाही. दोन्ही गावं एका टाचणीच्या डोक्याखाली झाकली जात होती.

"त्यांना सुट्टी कधी असते?"

"रविवारी."

"म्हणजे येता येत होतं त्यांना."

शिंपीणबाई टेबलावरच्या चिंध्या गोळा करायला लागल्या.

"मी सगळ्यांना सांगितलं की ते लांब आहेत म्हणून येत नाहीत." थोरलीचा आवाज फाटला. "आई, जवळ होते तरी आले नाहीत."

नोकरी गेली, खोटं बोलला, तोंडघशी पाडलं, यातलं काहीच तिनं काढलं नाही. नेमकं जे काढलं त्याला शिंपीणबाईंच्या भूगोलात उत्तर नव्हतं. थोरलीनं एकेक टाचणी उपटून आईच्या डबीत टाकली, दोरा रिळाला गुंडाळला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. शिंपीणबाईंनी मशीन उघडलं, सुईत दोरा ओवायला गेल्या आणि त्यांना दिसेना. रडत होत्या. दुसरं काही नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी थोरलीला एवढंच सांगितलं, "शुक्रवारी बाबा येणार आहेत." थोरली म्हणाली, "बघू."

शुक्रवारी सभागृह भरलं. मुख्याध्यापिकाबाईंनी 'घर हीच पहिली शाळा' यावर पंधरा मिनिटं भाषण केलं, जणू भूगोलाच्या शिक्षिका मिळाल्या नाहीत हा त्यांच्याच दूरदृष्टीचा भाग होता. मग मुलं बोलायला लागली. सहा जणांनी वाघावर सांगितलं. एकानं पृथ्वीगोल आणला होता, तो हातातून सुटला आणि खुर्च्यांखालून घरंगळत गेला. शिंपीणबाईंनी शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरली होती. सव्वादहा झाले. साडेदहा झाले. प्रत्येक वेळी दार वाजलं की व्यासपीठाच्या कडेला बसलेली थोरली मान वर करायची. पाणी पिऊन आलेलं कुणीतरी असायचं.

अकराला तिचं नाव पुकारलं. ती रिकाम्या हातानं उभी राहिली.

"माझा विषय 'माझ्या बाबांचा प्रवास' होता. तो रद्द झालाय. माझे बाबा जहाजावर नाहीत. ते इथून बसनं दोन तासांवर इस्पितळात तीनशे माणसांचा स्वयंपाक करतात. मी वर्गात सांगितलेलं सगळं खोटं होतं, पण मला ते माहीत नव्हतं. ते आज येणार होते." मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. "बंदरांच्या जागा मात्र बरोबर सांगितल्या होत्या. कुणाला शंका असेल तर तपासून घ्या."

ती बसली. मुख्याध्यापिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या, कारण प्रत्येकानंतर टाळ्या वाजवायचं ठरलेलं होतं. शिंपीणबाई त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मनातल्या मनात एकेक शब्द रचत होत्या. असे काही शब्द, की ऐकून माणसानं खरंच पॅराग्वेला निघून जावं.

बाराला तिघी बाहेर पडल्या. थोरली चार पावलं पुढं, कुणाशी न बोलता. दोन गल्ल्या ओलांडून त्या मुलांच्या मोठ्या शाळेपाशी आल्या, तर फाटकाशी गलका चाललेला. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक घामाघूम माणूस पहारेकऱ्याशी हातघाईवर आला होता.

"अहो, दहादा सांगितलं, इथं मुली नाहीत!" पहारेकरी ओरडत होता. "साडेनऊपासून डोकं खाताय!"

"माझी मुलगी इथंच शिकते! मला सांगू नका! बाप आहे मी तिचा!"

तो बोटवाला होता. बसमधून उतरून त्यानं पहिल्या माणसाला विचारलं, शाळा कुठं आहे, आणि त्यानं दाखवली ती शाळा त्यानं पकडली. नवीन बंदरात उतरलं की बाजार कुठं आहे असं विचारतात, तसं. गावात शाळा एकापेक्षा जास्त असू शकतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. फोन करावा, तर तो निघायच्या घाईत इस्पितळातच राहिला होता. मुलगी सहा वर्षं ज्या शाळेत जात होती ती त्यानं एकदाही पाहिली नव्हती.

त्याला या तिघी दिसल्या आणि त्याचे हात खाली आले. "मला वाटलं, हीच," तो म्हणाला. "मी केव्हाचा आलोय गं."

शिंपीणबाईंनी रचलेलं सगळं ओठांपर्यंत आलं होतं. पण त्यांनी थोरलीकडे पाहिलं आणि दात घट्ट मिटून घेतले. बोलायचा पहिला हक्क तिचा होता.

थोरली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. डोळे भरलेले, हनुवटी वर. "मी कितवीत आहे?"

"सहावीत." त्यानं तिचं तोंड बघितलं. "नाही, सातवीत."

"सातवीत." मग तिनं त्याचं मनगट पकडलं, रस्ता ओलांडताना लहान मुलाचं धरतात तसं, आणि त्याला ओढत आल्या वाटेनं उलटी निघाली. "हे औषधाचं दुकान. इथं वळायचं नाही. पुढं लोहाराचं दुकान लागलं की डावीकडे. मग पाण्याची टाकी. टाकी उजव्या हाताला राहिली पाहिजे. म्हणा."

"टाकी उजव्या हाताला," बोटवाला म्हणाला.

शाळेच्या फाटकापर्यंत नेऊन तिनं त्याला घरापर्यंत आणलं. दारातूनच परत फिरवून पुन्हा शाळेपर्यंत नेलं. धाकटी मागून पळत टाकी आली की ओरडून सांगत होती. भर दुपारचं ऊन, बोटवाल्याचा शर्ट पाठीला चिकटलेला, पण एका शब्दानं तो थांबूया म्हणाला नाही. शिंपीणबाई घराच्या पायरीवर बसून ही वरात बघत होत्या. आज त्यांना शिकवायचं काही नव्हतं.

तिसऱ्या वेळी घरापासूनच थोरलीनं मनगट सोडलं आणि ती दहा पावलं मागं राहिली. लोहाराच्या दुकानाशी बोटवाला अडला. त्यानं वळून पाहिलं. तिनं तोंड घट्ट मिटलं होतं, धाकटीचंही तोंड तिनं हातानं दाबून धरलं होतं. तो जरा वेळ उभा राहिला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि डावीकडे वळला. टाकी उजव्या हाताला ठेवून तो नीट फाटकाशी पोचला आणि फाटकाचे गज धरून उभा राहिला.

"सोमवारी माझी पाळी दुपारची आहे. रविवारी येऊन इथं राहिलो तर सकाळी तुला सोडायला येऊ का?"

थोरलीनं धाकटीच्या तोंडावरचा हात काढला.

"साडेसातला निघायचं," ती म्हणाली. "आणि पुढं तुम्ही चालायचं."